डाळ मिलसाठी एआय सॉर्टेक्स: मशीन चांगलं, पण त्याला शिकवणार कोण?

जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलवाल्यांना सॉर्टेक्स, म्हणजे खराब दाणा बघून वेगळा काढणारं मशीन, नवं नाही. नवं आहे ते त्यावरचं 'एआय' हे लेबल. जुनं मशीन रंग बघायचं: काळा, तपकिरी, हिरवट दाणा दिसला की हवेच्या झोताने बाहेर. एआयवालं आकार आणि कडाही बघतं. तूरडाळीच्याच रंगाचा मातीचा खडा किंवा पाचरीसारखी लाखेची डाळ रंगावर निसटते, आकारावर सापडते. जादा पैसे मोजायचे ते एवढ्यासाठी, मोठ्या टचस्क्रीनसाठी नाही.

मात्र ओळख आपल्यालाच करून द्यावी लागते. चांगल्या डाळीचं एक ताट. डागी, टरफल चिकटलेली, खांडा (तुटलेली डाळ), खडा यांची वेगवेगळी ताटं. प्रत्येकात निदान काहीशे दाणे. एकेक ताट चुटवरून (माल घसरत येतो त्या पन्हाळीवरून) सोडायचं, कॅमेरा फोटो घेतो, आपण नाव देतो. घोळ इथेच होतो. इंजिनिअर घाईत मूठभर दाणे वेचतो, शेठ मान हलवतात, आणि पुढे चांगली डाळ रिजेक्टमध्ये जात राहते. ताटं भरायला डाळ निवडणाऱ्या मावश्यांनाच बसवा. कोणता डाग बाजारात खपतो आणि कोणता परत येतो, हे त्यांना नजरेनेच कळतं. तोच एक किलो माल दोघींना वेगवेगळा निवडायला द्या. ज्या दाण्यांवर दोघींचं जमत नाही, ते ताटात घेऊच नका. मशीन आलं म्हणून आधी त्यांनाच घरी बसवायचं, हा उलटा कारभार.

चुकीचा हिशोब साधा आहे. तासाला २ टन माल आणि त्यातली अर्धा टक्का चांगली डाळ रिजेक्टमध्ये, म्हणजे तासाला १० किलो. दहा तासांत एक क्विंटल. म्हणून दर पाळीला रिजेक्टमधली एक किलो घेऊन हाताने निवडा, चांगली डाळ किती निघाली ते वहीत लिहा. आकडा अचानक वाढला तर सेटिंगला हात लावण्याआधी कॅमेऱ्यापुढची काच बघा. तेलाचा हात दिलेल्या डाळीने काचेवर पापुद्रा धरतो आणि कॅमेऱ्याला सगळीच डाळ डागी दिसू लागते.

दुसरं दुखणं हवेचं. कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी किंवा तेल आलं की इजेक्टर (हवेचा झोत सोडणारे व्हॉल्व्ह) चिकटतात. ड्रायर आणि फिल्टर लागतातच. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये कंट्रोल पॅनल तापतो. एसीची केबिन आणि स्टॅबिलायझर कोटेशनमध्ये नसतात, बजेटमध्ये मात्र धरा. खडे आधी डिस्टोनरने काढा, ग्रेडिंग करूनच माल सोडा. सॉर्टेक्स शेवटची चाळणी आहे, पहिली नाही.

विदर्भाची तूर, कर्नाटकाची तूर आणि मोझांबिकची आयात तूर यांना एकच प्रोफाईल (मशीनला शिकवलेली ओळख आणि सेटिंग) चालत नाही. प्रत्येक लॉटचं प्रोफाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा, तारीख टाका, पेनड्राइव्हवर कॉपी ठेवा. मशीनचा सर्किट बोर्ड बदलला की आतलं शिकलेलं पुसलं जाऊ शकतं. ही कॉपी आपल्याला घेता येते का, आणि इंटरनेटवरून कंपनीला आपल्या मिलचं काय काय दिसतं, हे दोन्ही ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या.

डेमोला कंपनीचा नमुना नको. आपल्या गोदामातली सगळ्यात खराब पाच क्विंटल न्या, आणि परत येताना रिजेक्टचं पोतंही घेऊन या.