९९८ सीसीची टर्बो गाडी : ९ महिने, ११,००० किलोमीटर

आधीच्या गाडीचे १.२ लिटरचे चार सिलिंडर इंजिन बारा वर्षे विनातक्रार चालले होते, त्यामुळे ९९८ सीसीचे तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल इंजिन घेताना ‘एवढ्याशा इंजिनाने काय होणार’ ही शंका होतीच. पुणे ते पाचगणी अशा अनेक फेऱ्यांनंतर ती निम्मी फिटली आहे.

फिटली ती पसरणी घाटात. चार माणसे बसलेली असताना जुनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायची आणि मी वळणाआधी एसी बंद करायचो. नवी गाडी तिसऱ्यातच चढते, कारण इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंवर फिरणारा टर्बो सिलिंडरमध्ये हवा दाबून भरतो आणि उंचीवरच्या विरळ हवेचाही फारसा फटका बसत नाही. मात्र टेम्पोच्या मागे १,५०० आरपीएमच्या (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांच्या) खाली रेंगाळून ॲक्सिलरेटर दाबला, की क्षणभर काहीच होत नाही आणि मग गाडी एकदम उसळते. पहिल्या महिन्यात या नादात एका टेम्पोच्या फाळक्याच्या नको तितक्या जवळ गेलो होतो.

मायलेजने मात्र निराशा केली. हायवेवर ८०-९० च्या वेगाने १८ मिळते, शहरात जेमतेम १२. कागदावरचा २० चा आकडा खोटा नाही. तो हलक्या पायाने केलेल्या चाचणीतला आहे आणि लहान इंजिन नेमके तिथेच काटकसर करते. कंपन्यांना तेच हवे असते, कारण त्यांच्या गाड्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर २०२२-२३ पासून किलोमीटरमागे सुमारे ११३ ग्रॅमची मर्यादा आहे. शिवाय चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीचे इंजिन १,२०० सीसीपर्यंतचे असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के, नाहीतर ४०. या चौकटीत ताकद वाढवायची तर टर्बोइतका सोपा मार्ग नाही, आणि बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक निकषांनंतर लहान डिझेल इंजिने परवडेनाशी झाल्याने तर तो अधिकच रुळला. माझ्या पेट्रोलच्या बिलाचा विचार त्यात बराच नंतर येतो.

पहिल्या सर्व्हिसिंगला मॅन्युअलमध्ये सांगितलेल्यापेक्षा वेगळ्या ग्रेडचे ऑइल भरल्याचे बिल वाचताना लक्षात आले, तेव्हा परत जाऊन ते बदलून घ्यावे लागले. मिनिटाला लाखावर फेरे घेणाऱ्या टर्बोच्या दांड्याला ऑइलचाच आधार असल्याने आता मी समोर उभा राहूनच ते भरून घेतो, आणि घाट चढून पाचगणीला पोहोचलो की तापलेला टर्बो निवावा म्हणून इंजिन अर्धा मिनिट चालू ठेवून मगच बंद करतो.