फ्युएल मॉड्युल घरी बसवावं की ट्यूनरकडून?

फ्युएल मॉड्युल म्हणजे मोटारसायकलच्या इंजिनात जाणारं पेट्रोल थोडं वाढवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा. गाडी स्टॉक असेल, म्हणजे कंपनीचाच सायलेन्सर, कंपनीचाच एअर फिल्टर, आणि मॉड्युल तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेलं तयार असेल, तर ते बिनधास्त घरी बसवा. सायलेन्सर, बेंड पाइप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतची नळी) किंवा फिल्टर यांतलं काही बदललं असेल, तर डायनो (गाडी रोलरवर चालवून मोजमाप घेणारं यंत्र) असलेला ट्यूनर, म्हणजे इंजिनचं मिश्रण जुळवून देणारा तज्ज्ञ, गाठा, भले तो दोनशे किलोमीटरवर असो. तिसरा पर्यायही लोक निवडतात: नाक्यावरच्या ओळखीच्या गॅरेजमध्ये मॉड्युल आणि गाडी दोन्ही देऊन टाकायची. तो मला सगळ्यांत वाईट वाटतो. का, ते कळण्यासाठी आधी हे मॉड्युल करतं काय, ते पाहू.

इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक, ठरवतो. पेट्रोल फवारणारा इंजेक्टर दर फेरीला काही मिलिसेकंदच उघडतो, आणि तो किती वेळ उघडा राहतो यावर हवा-पेट्रोलचं मिश्रण ठरतं. एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, हे शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्याचं प्रमाण. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही याच्या आसपासच नीट काम करतो. ताकद मात्र 13 च्या आसपास, म्हणजे थोड्या जास्त पेट्रोलवर चांगली मिळते. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे कडक नियम आले आणि कमी थ्रॉटलला मिश्रण कोरडं (पेट्रोल कमी) ठेवण्यावाचून कंपन्यांना गत्यंतर उरलं नाही. म्हणून मोठ्या सिंगल सिलिंडरच्या गाड्या दोन-अडीच हजार आरपीएमला, तिसऱ्या गिअरमध्ये, ट्रॅफिकमध्ये झटके देतात. थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट येते आणि सिग्नलला मांड्या भाजतात.

मॉड्युल ईसीयू आणि इंजेक्टर यांच्या मध्ये बसतं आणि इंजेक्टर उघडा राहण्याची वेळ थोडी वाढवतं. पण नुसतं तेवढं पुरत नाही. सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर असतो. तो साधारण 0.1 ते 0.9 व्होल्टमध्ये ईसीयूला कळवत राहतो की मिश्रण कोरडं आहे की ओलं (पेट्रोल जास्त). तुम्ही पेट्रोल वाढवलंत की सेन्सर चुगली करतो आणि ईसीयू ते परत कापतो. म्हणूनच बऱ्याच मॉड्युलची एक वायर ऑक्सिजन सेन्सरच्या कनेक्टरवर जाते आणि त्याचा सिग्नलही बदलते. नुसता इंजेक्टरवर लावायचा डबा 'पिकअप वाढेल' म्हणून कोणी विकत असेल, तर क्रूझिंगला (एकाच वेगात चालताना) त्याचा उपयोग जवळपास शून्य.

आपल्याकडे बंगळुरूच्या रेस डायनॅमिक्सची दोन नावं जास्त ऐकू येतात, फ्युएलएक्स आणि पॉवरट्रॉनिक. घरी की बाहेर, या प्रश्नात या दोघांतला फरक फार मोठा आहे. फ्युएलएक्स फक्त पेट्रोल बघतं. पॉवरट्रॉनिक इग्निशन टायमिंगही, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळही, बदलतं आणि लॅपटॉप लावून त्याचे आकडे हलवता येतात. पेट्रोल थोडं जास्त गेलं तर ॲव्हरेज पडेल, प्लग काळा होईल. टायमिंग चुकलं तर इंजिन नॉक करतं, म्हणजे आत मिश्रण अवेळी स्फोटासारखं पेटतं, आणि पिस्टनपर्यंत नुकसान जातं. टायमिंगच्या मॅपला (आकड्यांच्या तक्त्याला) घरी हात लावू नका, एवढं माझं ठाम मत आहे. कंपनीने दिलेला मॅप तसाच ठेवून नुसतं फिटिंग करणार असाल तर गोष्ट वेगळी.

घरी बसवायचं म्हणजे

एक निवांत रविवार सकाळ पुरते. रॉयल एनफील्ड इंटरसेप्टर 650 चं उदाहरण घेऊ. 648 सीसी, दोन सिलिंडर, म्हणून इंजेक्टरही दोन. इंजिन पूर्ण थंड हवं. सीट काढायची, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची, मग टाकी. टाकी कमीत कमी भरलेली असताना हे काम करा. भरलेली टाकी एकट्याला पेलत नाही आणि पेट्रोलची नळी ताणली जाते. इंजेक्शनच्या गाडीत त्या नळीत पंपाचा दाब असतो, त्यामुळे ती सोडवावी लागली तर खाली कापड धरा आणि आसपास विडी-सिगारेट, दिवा काही नको.

खरं कसब कनेक्टरमध्ये आहे. इंजेक्टरच्या सॉकेटला लॉकची छोटी जीभ असते. ती पूर्ण दाबून सॉकेटला धरून ओढायचं, वायरला नाही. जुन्या गाडीत ही जीभ इंजिनच्या उष्णतेने कडक झालेली असते, घाई केली की तुटते. तुटलेलं सॉकेट बसल्यासारखं दिसतं, पण पहिल्या खराब रस्त्यावर हलतं. आतलं रबरी सील जागेवर आहे ना ते बघा, ते निसटलं तर पावसात पाणी थेट पिनेवर जातं. नवीन सॉकेट आत ढकलताना 'टक' असा आवाज आलाच पाहिजे. आवाज नाही तर ते बसलेलं नाही. दोन सिलिंडरच्या गाडीत टाकी निघाल्याबरोबर डाव्या-उजव्या कनेक्टरला वेगवेगळ्या रंगाची टेप लावा, म्हणजे वायरिंगची गल्लत होणार नाही.

अर्थिंगची वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरच घ्या, फ्रेमच्या रंगवलेल्या बोल्टवर नको. वायरिंग बेंड पाइप आणि सिलिंडरच्या फिन्सपासून लांब ठेवा, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे ताण येत नाही हे पाहा, मगच केबल टाय आवळा. मॉड्युल सीटखाली, पण मागच्या चाकाचं पाणी उडतं तिथे नको. कोकणात गाडी चालवणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे सगळं धीराने करणारा माणूस गॅरेजपेक्षा चांगलं फिटिंग करतो, असं मी अनुभवाने म्हणतो. कारण घरी वेळेची घाई नसते. गॅरेजमध्ये रांग असते, आणि ऑक्सिजन सेन्सरचं सॉकेट हाताला लागलं नाही की वायर कापून, पिळून, टेप गुंडाळून जोडण्याचा मोह होतो. तिथेच गाडीचं कायमचं नुकसान होतं. फिटिंग कोणीही करो, मूळ वायरिंगची एकही वायर कापली जाता कामा नये. सॉकेटला सॉकेट जोडलेलं मॉड्युल केव्हाही काढून गाडी जशीच्या तशी करता येते. वॉरंटीच्या दृष्टीने याला फार महत्त्व आहे, कारण वायरिंगमध्ये छेडछाड दिसली तर सर्व्हिस सेंटर इंजिन किंवा इलेक्ट्रिकलचा क्लेम नाकारू शकतं.

ट्यूनरचे पैसे कशाचे

डायनोवाल्या ट्यूनरला आपण स्क्रू आवळायचे पैसे देत नाही, मोजमापाचे देतो. गाडी रोलरवर बांधली जाते, समोर मोठा पंखा, सायलेन्सरमध्ये वाइडबँड सेन्सर. मग थ्रॉटल 5 टक्के, 10, 20, 40 असा धरून प्रत्येक आरपीएमला मिश्रण किती ते वाचायचं आणि मॅपचा तो एकेक रकाना दुरुस्त करायचा. गाडीतला मूळ सेन्सर फक्त 14.7 च्या अलीकडे की पलीकडे एवढंच सांगतो, 12.5 आणि 13.5 मधला फरक वाइडबँडच दाखवतो. फ्री-फ्लो (धूर कमी अडवणारा) सायलेन्सर लावला की इंजिनचं श्वास घेणं बदलतं, आणि ते प्रत्येक सायलेन्सरगणिक वेगळं असतं. अशा गाडीला डब्यातला तयार मॅप म्हणजे थर्मामीटर न लावता दिलेलं तापाचं औषध.

नाक्यावरच्या गॅरेजबद्दल माझी तक्रार इथेच आहे. तिथे फिटिंगचे पैसे जातात, पण मोजमाप मिळत नाही. कार्ब्युरेटरच्या काळात आवाजावरून ट्यूनिंग करणारे मिस्त्री खरंच होते आणि त्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे. पण अर्ध्या थ्रॉटलला मिश्रण किंचित ओलं आहे की खूपच ओलं, हे कानाला कळत नाही.

म्हणून पैसे देण्याआधी विचारा: वाइडबँड आहे का? आधीचा आणि नंतरचा ग्राफ मिळेल का? मॅपची फाइल मला देणार का? आणि आणखी एक, मॅप कोणत्या पेट्रोलवर केला? फेब्रुवारी 2023 मध्ये देशात ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि आता ते सर्रास मिळतं. त्यात इथेनॉल असल्याने पूर्ण जळण्याचं प्रमाण 14.7 वरून साडेतेराच्या आसपास येतं. सेन्सर काम करत असतो त्या भागात ईसीयू हे सांभाळून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला बऱ्याच गाड्यांत सेन्सरचं ऐकलं जात नाही. ई-20 च्या आधीच्या पेट्रोलवर केलेला मॅप तिथे ई-20 वर कोरडा पडतो. डायनोवर जाताना टाकीत रोज भरता तेच पेट्रोल असू द्या.

कायद्याच्या बाबतीत दोन्ही वाटा सारख्याच. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतं आणि 182-अ (4) खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. ट्यूनरची पावती यातून वाचवत नाही. पीयूसीत आयडलला (थ्रॉटल न देता इंजिन जागेवर चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड मोजतात, त्यामुळे आयडलचं मिश्रण ओलं ठेवणारा मॅप तिथेच पकडला जातो. गाडी नवी आणि वॉरंटीत असेल, झटके सोसवण्याइतकेच असतील, तर वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

घरी बसवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला तर आधी अर्थिंग आणि सेन्सरचं सॉकेट तपासा, बहुतेकदा तिथेच घोळ असतो. सुरुवात सगळ्यांत सौम्य मॅपने करा आणि टाकी ते टाकी ॲव्हरेज लिहून ठेवा. दोन टाक्या संपल्या की प्लग काढून बघा. फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका. कोरडी काळी काजळी असेल तर मॅप आणखी खाली आणा, किंवा मॉड्युल काढून सेन्सर तपासून घ्या. चुन्यासारखा पांढरा दिसला तर गाडी जोरात चालवणं थांबवा आणि डायनोची वेळ घ्या.