सिंगापूर–क्वालालंपूर: पाऊण तासाच्या विमानाचे सहा तास

कामामुळे गेले कित्येक महिने सिंगापूरहून क्वालालंपूरला सतत ये-जा चालू आहे. अंतर सगळ्यांना ठाऊकच आहे: हवाईमार्गे जेमतेम तीनशे किलोमीटर, रस्त्याने साडेतीनशे. तिकिटावर वेळ लिहितात तासाच्या थोडी वर, पण विमान प्रत्यक्ष हवेत असतं पाऊण तास. पट्टा बांधायची खूण विझते न विझते तोच पुन्हा लागते.

तरी माझ्या घरापासून तिथल्या ऑफिसच्या दारापर्यंत सहा तास मोडतात. सिंगापूरच्या चांगी विमानतळाला नावं ठेवायला जागा नाही, तिथलं इमिग्रेशन झटपट उरकतं. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड तेवढं तीन दिवस आधीपासून भरता येतं, ते घरूनच भरून निघा. खरी गोम आहे सेपांगची. 1998 साली क्वालालंपूरचा मोठा विमानतळ तिथे, शहराच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर नेऊन ठेवला. म्हणजे सिंगापूरहून जाणारं विमान शहराच्या अलीकडेच उतरतं आणि उरलेली वाट आपली आपण काढायची. विमानतळाहून केएल सेंट्रलला, म्हणजे शहरातल्या मुख्य रेल्वे स्थानकाला जाणारी एक्स्प्रेस 57 किलोमीटर 28 मिनिटांत कापते. गाडी चकाचक, वेळेची पक्की. पण भाडं 55 रिंगिट, तेही एका बाजूचं! पैसे कंपनी देते, तरी दर वेळी कार्ड टेकवताना माझाच जीव तुटतो. बस स्वस्त आहे, पण सकाळच्या ट्रॅफिकमध्ये सापडलात तर मीटिंग विसरा.

सुबांगचा जुना विमानतळ शहराच्या कितीतरी जवळ. 2024 पासून तिथे जेट विमानंही पुन्हा उतरू लागली आहेत. वेळ जुळली तर डोळे झाकून ते तिकीट घ्या. माझी क्वचितच जुळते.

एवढं सगळं असूनही विमानच बरं, असं माझं ठाम मत होतं. मग एका स्वस्त विमान कंपनीने (नाव घेत नाही) संध्याकाळचं विमान आधी तासाने, मग आणखी दोन तासांनी पुढे ढकललं आणि शेवटी रद्दच केलं. परतावा मागितला तर पैशांऐवजी क्रेडिट हातात ठेवलं, त्यालाही मुदत. चॅटवर माणूस मिळेना, यंत्र आपलं तेच तेच वाक्य फेकत होतं.

त्या तिरमिरीत रेल्वे धरली. डिसेंबर 2025 पासून ईटीएस ही मलेशियाची वेगवान विजेची गाडी केएल सेंट्रलहून थेट सीमेवरच्या जोहोर बाहरूपर्यंत धावते, सव्वाचार तासांच्या आसपास. लॅपटॉप उघडून निवांत काम झालं. मोबाईल फ्लाइट मोडवर टाकायला नको, हातातली बॅग सात किलोंच्या वर गेली म्हणून कुणी काटा पुढे करत नाही. आता घाई नसेल तेव्हा परतीला रेल्वेच. सोमवारी सकाळी जाताना मात्र अजून विमान, कारण दहाची मीटिंग गाठायची असते.

बसचं म्हणाल तर पाच-सहा तास सांगतात, पण शुक्रवारी संध्याकाळी कॉजवेवर, म्हणजे दोन देशांना जोडणाऱ्या खाडीवरच्या रस्त्यावर अडकलात तर त्या आकड्याला काही अर्थ नाही. शिवाय सीमेवर दोन्हीकडे उतरून चढायचं.

जोहोर बाहरूहून सिंगापूरच्या बाजूच्या वुडलँड्सला यायला शटल तेब्राऊ ही छोटी रेल्वे घ्या, पाच मिनिटांत खाडीपार. सिंगापूरहून जाताना तिचं भाडं पाच डॉलर, येताना पाच रिंगिट. एक डॉलर तीन रिंगिटांहून महाग आहे, तेव्हा हिशेब तुम्हीच करा. येतानाचं तिकीट लवकर काढून ठेवा, सुट्टीच्या दिवसांत मिळत नाही.