इंटरनेटची परवानगीच नसलेला कीबोर्ड : हेलिबोर्ड, आठ महिन्यांच्या मराठी वापरानंतर

देवनागरी कळांवरून थेट मराठी टाइप करत असाल, तर अँड्रॉइड फोनसाठीचा हेलिबोर्ड घ्या आणि एक संध्याकाळ त्याच्या सेटिंगमध्ये घालवा. पुढे फारसं काही करावं लागत नाही. पण इंग्रजी अक्षरं टाकून समोर देवनागरी उमटवायची सवय असेल, तर दोन दिवसांत वैतागून काढून टाकाल, कारण ती सोय यात मुळातच नाही. या कीबोर्डचं बहुतेक कौतुक इंग्रजी टाइप करणाऱ्यांनी केलेलं असतं, त्यामुळे हा मुद्दा कुणी सांगत नाही.

आधी खासगीपणाचं बघू. बाहेरचा कुठलाही कीबोर्ड सुरू करताना अँड्रॉइड एक घाबरवणारी सूचना दाखवतो : हा कीबोर्ड तुम्ही टाइप केलेला सगळा मजकूर, पासवर्ड आणि कार्डाचे नंबरसुद्धा गोळा करू शकतो. सूचना खरी आहे, पण ती चांगल्या-वाईट सगळ्यांना सारखीच लागते, म्हणून तिच्यावरून निवड करता येत नाही. निवड करायची ती परवानग्यांच्या यादीवरून. फोनच्या सेटिंगमध्ये ॲपची माहिती उघडा, परवानग्यांत जा, वरच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून सगळ्या परवानग्या दाखवा. त्यात इंटरनेट वापरण्याचा उल्लेख आहे का, एवढंच शोधायचं. कॅमेरा किंवा ठिकाणाची परवानगी अँड्रॉइड विचारून देतो. इंटरनेटची न विचारता देतो, आणि साध्या फोनवर ती काढून घ्यायचं बटणही नसतं. म्हणून ज्या कीबोर्डने ती मागितलेलीच नाही, तोच घ्यावा. हेलिबोर्डने ती मागितलेली नाही. त्याच्या यादीत कंपन, स्वतःचा शब्दसंग्रह वाचणं अशा किरकोळ गोष्टी आहेत. संपर्कयादीची परवानगी फक्त नावं सुचवण्यासाठी आहे आणि तुम्ही ती सोय चालू केलीत तरच लागते. करू नका; थोड्या वापरात नावं तशीही शिकून होतात.

ही काळजी उगाच नाही. २०१७ मध्ये एआय.टाइप या कीबोर्डच्या सुमारे ३ कोटी १० लाख वापरकर्त्यांची माहिती पासवर्ड नसलेल्या डेटाबेसमध्ये उघडी सापडली होती. २०२४ मध्ये टोरांटो विद्यापीठाच्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने नऊ कंपन्यांचे चिनी लिपीचे कीबोर्ड तपासले, तेव्हा आठांमध्ये टाइप केलेला मजकूर वाटेत वाचता येईल अशा त्रुटी निघाल्या. शब्द सुचवण्यासाठी कळा सर्व्हरला पाठवणं हे तिथलं मूळ दुखणं. जे पाठवलंच जात नाही, ते वाटेत कोण वाचणार?

हेलिबोर्ड हा ओपनबोर्डचा पुढचा अवतार. ओपनबोर्ड अँड्रॉइडच्या मूळ कीबोर्डवर बेतलेला होता, आणि २०२२ नंतर त्याचं काम थंडावलं. त्यामुळे हेलिबोर्ड दिसायला जुन्या वळणाचा, पण हाताला ओळखीचा वाटतो. परवाना जीपीएल तिसऱ्या आवृत्तीचा, म्हणजे मुक्त स्रोताचा : ॲपचा मूळ कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. बाकीच्या कीबोर्डांविषयी थोडक्यात : फ्लोरिसबोर्ड देखणा आहे, पण शब्दसूचनांच्या बाबतीत बराच काळ रखडलेला. अनएक्स्पेक्टेड कीबोर्ड टर्मक्समध्ये (फोनवर लिनक्सच्या आज्ञा चालवणारं ॲप) काम करणाऱ्यांसाठी निघाला. कळेच्या कोपऱ्याकडे बोट सरकवून दुसरं अक्षर काढायची त्याची युक्ती देवनागरीला छान बसते, पण हात वळायला वेळ लागतो. फुटो कीबोर्डमध्ये फोनवरच चालणारं बोलून टाइप करणं आहे आणि ते खरंच उपयोगी आहे. मात्र त्याचा स्रोत वाचायला मोकळा असला, तरी परवाना मुक्त स्रोताच्या रूढ व्याख्येत बसत नाही. ज्यांना याने फरक पडत नाही, त्यांनी तो जरूर बघावा.

एफ-ड्रॉइड या मुक्त स्रोताच्या ॲपभांडारातून घेतलात तर पुढचे अपडेटही तिथूनच घ्या. दुसरीकडच्या फाइलची डिजिटल स्वाक्षरी (ती कुणी तयार केली याची खूण) वेगळी असली, तर फोन ती जुन्यावर चढवू देत नाही. आधीचं ॲप काढावं लागतं आणि शिकलेले शब्द त्याच्याबरोबर जातात.

आता मराठी. 'लँग्वेजेस अँड लेआउट्स'मध्ये मराठी चालू करा. मांडणी इनस्क्रिप्टच्या वळणाची आहे : डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं. आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकातली हीच मांडणी संगणकावर असते, त्यामुळे तिथे हात बसलेल्यांना नव्याने काही शिकायचं नाही. बाकीच्यांनी दोन आठवडे धीर धरावा. पहिल्या चार दिवसांत जोडाक्षरांवर चिडचिड होते, कारण हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह, स्वतः दाबावा लागतो : क, मग हलन्त, मग ष, तेव्हा क्ष. त्याचाच फायदा मागे खोडताना होतो. बॅकस्पेस एकेक चिन्ह काढतो, पूर्ण अक्षर नाही. 'की'चं 'कि' करायला फक्त वेलांटी जाते, क जागेवर राहतो.

एका ओळीत दहा-अकरा कळा बसवल्याने त्या अरुंद होतात, आणि जाड अंगठ्यांना त्रास होतो. दिसण्याच्या सेटिंगमध्ये कीबोर्डची उंची वाढवा आणि बाजूची मोकळी जागा शून्यावर आणा. कळ लांब दाबण्याचा वेळही २०० ते २५० मिलिसेकंदांवर आणा, कारण मराठीत लांब दाबणं इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त लागतं.

मराठीची खरी परीक्षा तीन ठिकाणी होते : ळ, ॲ आणि ऱ. ळ कुठल्याही मांडणीत सापडतो. ॲ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारं मानक) २००८ साली आलेलं. त्याआधी लोक अ, मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह आणि वर चंद्र असं जुळवत; अजूनही काही कीबोर्ड तसंच करतात. दिसायला दोन्ही एकच, पण शोधताना 'ॲप' एका पद्धतीने लिहिलेलं दुसऱ्या पद्धतीने सापडत नाही. ऱची गोष्ट जास्त नाजूक आहे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत नमस्कार कुणाला आणि जेवणाची ऑर्डर कुणाला, एवढा फरक आहे. 'दर्या' आणि 'दऱ्या' तसंच. हे चंद्रकोरीसारखं अर्धं र काढायची सरळ वाट म्हणजे नुक्ता (खालचं टिंब) असलेला ऱ, त्यावर हलन्त आणि मग य किंवा ह. साधा र घेऊन हलन्त दिला की रफार होतो, आणि मग लोक 'कीबोर्ड चुकीचं लिहितो' म्हणतात.

या चिन्हांसाठी दरवेळी शिफ्ट दाबायचा कंटाळा असेल, तर स्वतःची मांडणी करा. हेलिबोर्डची सगळ्यात मोलाची सोय हीच, आणि निम्म्या लोकांना ती माहीतच नसते. भाषेच्या नावावर दाबा, मांडणीची प्रत काढा, मजकूर म्हणून उघडा. रचना अगदी सोपी आहे : एका ओळीत एक कळ, कळांची रांग संपली की एक रिकामी ओळ. कळेच्या ओळीतच जागा सोडून जे लिहाल, ते लांब दाबल्यावर वर उमटतं. म्हणजे अशी ओळ :

र ऱ ऱ्य ऱ्ह

यातला पहिला र साध्या दाबण्याने येतो, बाकीचे तीन लांब दाबल्यावर. एका जागी एकाहून जास्त चिन्हं चालतात, म्हणून ज च्या मागे ज्ञ, क च्या मागे क्ष, त च्या मागे त्र, अ च्या मागे ॲ असं लावून टाका. चूक होते ती रिकाम्या ओळीत : रांगेच्या मध्येच एक पडली तर कीबोर्डला एक भलतीच रांग फुटते. मात्रा एकटी लिहिली की संपादकात ती गोल टिंबांच्या वर्तुळावर बसलेली दिसते. ते वर्तुळ मजकुरात येत नाही, घाबरू नका.

एक तक्रार मात्र कीबोर्डच्या माथी मारू नये. मराठी वळणाचा श आणि ल न दिसता हिंदी वळणाचे दिसतात, हा फॉन्टचा आणि मजकुराला लावलेल्या भाषेच्या खुणेचा मामला आहे. कीबोर्ड दोन्ही वेळा तेच चिन्ह पाठवतो.

शब्दसूचना हा इथला कमकुवत भाग. मराठीचा शब्दकोश ॲपबरोबर येत नाही. भाषा चालू केल्यावर शब्दकोश नसल्याचं ॲप सांगतं. मग डिक्ट प्रकाराची फाइल ब्राउझरने उतरवून त्याच भाषेच्या पानावरून आत घालायची. इंटरनेट नसल्यामुळे हे काम ॲप स्वतः करू शकत नाही, आणि ते बरंच आहे. फाइल घातल्यावरही फार अपेक्षा ठेवू नका. 'घर' सापडेल, 'घरासमोरच्यांनासुद्धा' कुठल्या शब्दकोशात असणार? विभक्ती, शब्दयोगी अव्यय आणि 'च' चिकटत जाणाऱ्या भाषेला शब्दांची साधी यादी पुरत नाही. म्हणून मराठी लिहिताना आपोआप दुरुस्ती बंदच ठेवा. चालू ठेवलीत तर कीबोर्ड बरोबर लिहिलेलं लांबलचक रूप जवळच्या भलत्या शब्दाने बदलतो, आणि ते लक्षात येतं मेसेज गेल्यावर. वरच्या पट्टीत या दुरुस्तीचं बटण आणून ठेवता येतं : इंग्रजीला चालू, मराठीला बंद.

हेलिबोर्ड तुमच्याकडून शिकतो, हे मात्र चांगलं. महिन्याभरात रोजची रूपं सुचायला लागतात. पण तुमच्या चुकाही शिकतो. घाईत चार वेळा 'आणी' लिहिलंत की पाचव्यांदा तो स्वतःहून पुढे करतो. सूचनेवर लांब दाबून मग दिसणाऱ्या कचऱ्याच्या खुणेवर दाबलं की ती जाते. एका लिपीतल्या दोन भाषा एकत्र चालवायचीही सोय आहे. इंग्रजी-जर्मन लिहिणाऱ्याला ती वरदान आहे. मराठी-इंग्रजीला उपयोग नाही, कारण लिप्या वेगळ्या. तिथे स्पेसवरून आडवं बोट फिरवलं की भाषा बदलेल, असं लावून घ्या. मराठी आणि हिंदी एकत्र करू नका. 'और' आणि 'आणि' एकमेकांच्या पंगतीत येऊन बसतात.

आकड्यांच्या रांगेत देवनागरी अंक आणायचं सेटिंग आहे. लेख लिहिणाऱ्यांनी ते लावावं, पण ओटीपी आणि खातेक्रमांकाचे बरेच रकाने देवनागरी अंक घेत नाहीत, आणि चूक कुठे आहे हेही सांगत नाहीत. असा रकाना अडला की आधी अंक कुठल्या लिपीतले आहेत ते बघा. यूपीआयच्या पिनचा यात संबंध नाही. त्या पानावर यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयचा स्वतःचा आकडेफलक येतो, तुमचा कीबोर्ड तिथे पोचतच नाही.

कीबोर्ड बदलला म्हणजे झालं, असं समजणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. अँड्रॉइडमध्ये शुद्धलेखन तपासणारी सेवा वेगळी असते. बहुतेक फोनवर ती जुन्याच कीबोर्डची राहते, आणि तुम्ही हेलिबोर्डवर लिहिलेला मजकूर तपासणीसाठी तिच्याकडे जात राहतो. भाषा आणि कीबोर्डच्या सेटिंगमध्ये शोधून ती हेलिबोर्डवर आणा किंवा बंद करा. माइकचं बटणही तसंच : हेलिबोर्ड स्वतः आवाज ऐकत नाही, फोनमध्ये जी आवाजाची सेवा असेल तिच्याकडे सोपवतो. नको असेल तर पट्टीवरून काढून टाका. क्लिपबोर्डचा इतिहास सोयीचा आहे, पण त्यात कॉपी केलेला पासवर्डही पडून राहतो. ठेवण्याची मुदत काही मिनिटांवर आणा. काही कंपन्यांच्या फोनवर पासवर्डच्या रकान्यात आपोआप कंपनीचाच 'सुरक्षित' कीबोर्ड उघडतो, तोही सेटिंगमधून बंद होतो.

फोनचा मूळ कीबोर्ड मात्र पूर्ण उखडून टाकू नका. कीबोर्डच्या यादीतून तो बंद करणं पुरेसं आहे. फोन अक्षरी पासवर्डने उघडत असाल आणि नवा कीबोर्ड कधी बंद पडला, तर पासवर्ड टाकायला काहीतरी उरायला हवं.

बोट घासून शब्द लिहायची सोय आहे, पण अर्धवट. त्यासाठी लागणारा भाग बंद स्रोताचा आहे. ती फाइल स्वतः मिळवून 'ॲडव्हान्स्ड'मधून आत घालावी लागते, आणि ती तुमच्या प्रोसेसरच्या जातीचीच लागते. ॲपलाच इंटरनेट नसल्यामुळे हा परका तुकडा काही बाहेर पाठवू शकत नाही, तरी मुक्त स्रोताचा आग्रह असणाऱ्यांना तो खुपेल. इंग्रजीसाठी चालतो. देवनागरीसाठी एवढी खटपट करू नये.

'ॲडव्हान्स्ड'मध्येच बॅकअप आहे. मांडणी जमली की लगेच एक काढा, पुढे महिन्यातून एकदा. त्या फाइलमध्ये तुमचे शिकलेले शब्द असतात, म्हणजे नावं, गावं, आजारपणं, सगळं. ती क्लाउडवर टाकलीत तर एवढा खटाटोप कशासाठी केलात?

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांसाठी मुक्त स्रोतात इंडिक कीबोर्ड आहे. तो २३ भाषांचा आहे आणि त्यातलं लिप्यंतर फोनवरच, नियमांनी होतं. नियमांनी म्हणजे अंदाजाने नाही : काना हवा असेल तर ए दोनदा, ळ साठी मोठा एल, ण साठी मोठा एन. गुगलच्या कीबोर्डला कसंही स्पेलिंग चालतं, इथे चालत नाही. इंडिकच्या नव्या आवृत्त्याही फार सावकाश येतात. तरी आठवडाभरात नियम बोटांत बसतात, आणि मग जे लिहायचं तेच उमटतं, मधेच शब्द बदलत नाही. दोन्ही कीबोर्ड शेजारी ठेवले तरी चालतं : रोजच्या लिखाणाला हेलिबोर्ड, आणि घरातल्या ज्याला देवनागरी कळा शिकायच्याच नाहीत त्याच्या हातात फोन देताना इंडिक.