ध्यानाला बसावं की कामातच सजग राहावं?

ध्यान सुरू करायचं मनात आलं की दोन वाटा दिसतात. एक, रोज ठरावीक वेळ काढून डोळे मिटून बसायचं. दुसरी, वेगळं काही न करता चालताना, भांडी घासताना, अंघोळ करताना मन हातातल्या कामावर ठेवायचं. दुसरी वाट सोपी वाटते. माझा अनुभव उलटा आहे.

कामातल्या सजगतेला वेळ लागत नाही, हे खरं. भांडी घासताना पाण्याचा कोमटपणा, बोटांना लागणारा फेस, नकळत आखडलेले खांदे, एवढं जाणवलं तरी पुरे. अडचण एकच, ती म्हणजे आठवण. पाली भाषेत सजगतेला ‘सति’ म्हणतात आणि तो शब्द संस्कृतातल्या ‘स्मृती’चाच भाऊ. सकाळी ठरवलेलं संध्याकाळी आठवतं, मधला दिवस गेलेला असतो. 2010 मध्ये किलिंग्जवर्थ आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांनी 2,250 जणांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारलं, की आत्ता मन कुठे आहे? सुमारे 47 टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं.

बैठकीत हे निसटणं उघडं पडतं. श्वासावर लक्ष ठेवलं की चार-पाच श्वासांतच मन उद्याच्या कामांत शिरतं. बरेच जण इथेच सोडून देतात. म्हणतात, माझं मनच लागत नाही. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण मन निसटलंय हे कळणं आणि रागावून न जाता परत येणं, सराव तो हाच. वीस मिनिटांत मन तीसदा पळालं तर परतायचा सराव तीसदा झाला. पुढे भांडणात आवाज चढायला लागतो तेव्हा तो आधी कळतो, तो या सरावामुळे.

पुराव्याचं म्हणाल, तर 2014 मध्ये 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. चिंता, नैराश्य आणि वेदना यांत ध्यानाच्या कार्यक्रमांनी माफक फरक पडतो, पण औषधं किंवा व्यायामापेक्षा ध्यान सरस असल्याचं दिसलं नाही. तेव्हा चालू उपचार थांबवून ध्यानाला बसू नका.

निवडायचंच असेल तर मी रोज दहा मिनिटांची बैठक निवडेन. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत रुग्णांसाठी सुरू केलेल्या आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात घरी रोज सुमारे 45 मिनिटं सराव करायचा असतो, शिवाय रोजच्या कामांतली सजगताही. सुरुवातीला एवढ्याची गरज नाही.

घरात तान्हं बाळ किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर मात्र बैठकीचा हट्ट नको. डोळे मिटताच जुना आघात उसळून येत असेल, छाती धडधडत असेल, तर डोळे उघडे ठेवून सावकाश चाला आणि तळव्यांचा जमिनीला होणारा स्पर्श बघा. त्रास वाढला तर थांबा, समुपदेशकाशी बोला.

कामातलीच वाट धरलीत तर दिवसभर सजग राहायचा संकल्प करू नका. एकच खूण धरा: फोन वाजला की उचलण्याआधी एक पूर्ण श्वास. आठवडाभर तेवढंच. गाडी चालवताना मात्र श्वास नको, लक्ष रस्त्यावरच.