प्राइड अँड प्रेज्युडिस: नऊ महिने वापरल्यावर

दिवाळीत घेतली तेव्हा आठवड्याभरात वाचून संपवली आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर "ठीक आहे, पण हिरो फारच शिष्ट" एवढं टाकून मी मोकळी झाले होते. आता तो मेसेज दिसला की लाज वाटते, म्हणून हा दुसरा रिव्ह्यू. गंमत म्हणजे जेन ऑस्टिनने १७९६-९७ मध्ये या कादंबरीचा पहिला खर्डा लिहिला तेव्हा नाव ठेवलं होतं फर्स्ट इम्प्रेशन्स. म्हणजे माझ्यासारख्या घाईत मत देणाऱ्यांसाठीच. छापून आली १८१३ च्या जानेवारीत, तीन भागांत, नाव बदलून, आणि लेखिकेचं नाव पुस्तकावर नाहीच, आधीच्या कादंबरीची लेखिका एवढाच उल्लेख. हक्क तिने विकले ११० पौंडांना. गोष्टीतला हिरो डार्सी, त्याची वर्षाची कमाई १०,००० पौंड आहे, हे वाचताना मला दर वेळी आठवतं आणि चिडचिड होते, असो.

वापर कसा केला ते सांगते. सेकंडहँड पेपरबॅक, बारीक टाइप, कागद पिवळा. तीनदा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. शिवाय लिब्रिवॉक्सवर लोकांनी हौसेने वाचून ठेवलेली ऑडिओ फुकट मिळते, ती पोळ्या करताना ऐकली, आणि मधूनमधून कुठलंही पान उघडून वाचणं चालूच असतं. एकूण ६१ प्रकरणं आहेत पण बरीचशी छोटी, कुकर होईपर्यंत एक संपतं.

पहिल्या वाचनात आवडलेला सीन अर्थातच ३४ वं प्रकरण, जे सगळ्यांनाच आवडतं. नायिका लिझी (एलिझाबेथ बेनेट) मैत्रिणीच्या घरी एकटी बसलीये, डोकं दुखतंय, डार्सीवर आधीच भडकलेली आहे कारण त्याने तिच्या बहिणीचं जमत आलेलं मोडलं हे तिला त्याच दिवशी कळलंय, आणि नेमका तो येतो, खोलीत येरझाऱ्या घालतो आणि लग्नाचं विचारतो. विचारतो म्हणजे काय, तुमचं घराणं आमच्यापेक्षा खालचं, तुमची माणसं अशी, तरी मी माझ्या मनाला आवरू शकलो नाही, असं सगळं ऐकवतो आणि वर होकार गृहीत धरून बसतो. आपल्याकडे बैठकीत मुलाकडचे "आम्हाला काही नको, फक्त मुलगी द्या" म्हणतात ना उपकार केल्यासारखं, तोच सूर. आणि ती जे सुनावते! जे सिनेमा बघून येणार त्यांना सांगून ठेवते, २००५ च्या सिनेमात हे पावसात भिजत होतं, पुस्तकात पाऊस नाही, चार भिंतींच्या आत आहे. १९९५ च्या बीबीसी मालिकेतलं तळ्यात उडी मारणंही पुस्तकात नाही. मी दुसऱ्या वाचनात ते शोधत होते, खोटं कशाला बोलू.

पण नऊ महिन्यांनंतर विचाराल तर हा सीन आता माझ्या लिस्टमध्ये चौथा-पाचवा आहे. वर आलेत ते असे सीन जिथे वरवर काहीच घडत नाही.

त्यातला पहिला ३२ व्या प्रकरणातला. डार्सी अचानक येतो, लिझी एकटीच असते, दोघांनाही काय बोलावं सुचत नाही. मग विषय निघतो शार्लटचा, म्हणजे लिझीच्या मैत्रिणीचा, की लग्न होऊन माहेरच्या इतकी जवळ राहिलीये, बरं झालं. लिझी म्हणते जवळ कसलं, ५० मैल आहे. तो म्हणतो रस्ता चांगला असेल तर ५० मैल म्हणजे काय, अर्ध्या दिवसाचा प्रवास. ५० मैल म्हणजे ८० किलोमीटर, माझं माहेर वाईला आणि मी पुण्यात, म्हणजे साधारण तेवढंच. तर लिझी त्यावर म्हणते की जवळ-लांब हे पैशावर असतं, प्रवासाच्या खर्चाचं काही वाटत नसेल त्याला सगळं जवळच. हे वाचून मी पुस्तक खाली ठेवलं. लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं आम्ही एसटीचं तिकीट आणि सुट्टी दोन्ही मोजून वाईला जायचो, आता गाडी आहे तर आई म्हणते आधीपेक्षा कमी येतेस, तो वेगळाच विषय. पण सीन तिथे संपत नाही. डार्सी खुर्ची थोडी तिच्याकडे सरकवतो आणि म्हणतो तुम्हाला काही माहेरची एवढी ओढ असायचं कारण नाही, तुम्ही कायम तिथेच थोड्याच राहिलाय. ती चमकते. तो लगेच खुर्ची मागे घेतो आणि टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून बघायला लागतो. बस, एवढंच. पहिल्या वाचनात मला वाटलं टाइमपास चाललाय, तिसऱ्या वाचनात कळलं की हा माणूस मनातल्या मनात हिला आपल्या घरी, डर्बिशरला नेऊन बसवतोय, आणि तिला वाटतंय शार्लटबद्दल बोलतोय.

त्याच्या एक प्रकरण आधीचा पियानोचा सीन पण असाच. डार्सीची मावशी लेडी कॅथरीन, जी स्वतः काही शिकलेली नाही पण शिकले असते तर फार मोठी कलाकार झाले असते असं बिनदिक्कत सांगते (अशा मावश्या कुठल्याही देशात असतात), तिच्या दिवाणखान्यात लिझी वाजवत बसलीये. डार्सी उठून पियानोपाशी येऊन उभा राहतो. लिझी त्याची खेचते की आपण पहिल्यांदा भेटलो त्या बॉलमध्ये (नाचाच्या समारंभात) पुरुष कमी होते, मुली नुसत्या बसून होत्या, तरी तुम्ही चारच डान्स केलेत. तो म्हणतो अनोळखी माणसांशी सहज बोलायचं मला जमत नाही. त्यावर ती म्हणते माझी बोटंही इतर बायकांसारखी सफाईने फिरत नाहीत पियानोवर, पण तो दोष मी माझाच मानते, कारण मी रियाज करायचे कष्ट घेत नाही. किती शांतपणे मारलंय. आणि तो चिडत नाही, हसतो आणि मान्य करतो. नंतरचा डार्सी, लिझीच्या मामा-मामींशी आपणहून बोलणारा, तो या वाक्याचा गृहपाठ आहे असं मला आता वाटतं. पहिल्यांदा वाचताना मी हा सीन चहा पीत वाचला होता आणि काही लक्षातच राहिला नव्हता.

कॉलिन्सबद्दल थोडक्यात. हा पाद्री, लिझीच्या वडिलांचा लांबचा भाऊ, त्यांचं घर-इस्टेट सगळं याला जाणार कारण त्यांना पाचही मुलीच. लग्नाची मागणी घालताना कारणं मोजून सांगतो, आणि तिसरं कारण मालकीणबाईंनी, म्हणजे त्याच लेडी कॅथरीनने, सांगितलं म्हणून. लिझी नाही म्हणते तर याला वाटतं चांगल्या घरच्या मुली आधी नाहीच म्हणतात. ऑडिओवर ऐका हा भाग, छापील पानापेक्षा दुप्पट हसू येतं. मग तीनच दिवसांत त्याची दुसरी मागणी, शार्लटला, आणि ती २७ वर्षांची बाई हो म्हणते. इथे मी आधी शार्लटवर नाराज होते. आता नाही. तिच्या संसारातला एक बारीक तपशील आहे, तो या पुस्तकात मला सगळ्यात जास्त आवडलेल्या गोष्टींपैकी एक: लिझी राहायला येते तेव्हा तिला प्रश्न पडतो की घरात समोरची मोठी छान खोली असताना शार्लट मागच्या खोलीत का बसते. मग कळतं, ती समोरच्या छान खोलीत बसली असती तर नवराही तिथे जास्त वेळ येऊन बसला असता. त्याला बागकामालाही तीच प्रोत्साहन देते. तक्रार नाही, रडणं नाही, खोली बदलली. मी हे सासूबाईंना सांगितलं तर त्या इतक्या हसल्या की मला जरा शंकाच आली.

आता ३६ वं प्रकरण, नकाराच्या दुसऱ्या दिवसाचं. डार्सी हातात पत्र देऊन निघून जातो आणि लिझी रस्त्यावर फिरत ते वाचते. पहिल्यांदा रागात वाचते, सगळं खोटं आहे असं ठरवूनच. घडी घालून ठेवते, आता पुन्हा बघणार नाही म्हणते, आणि अर्धा मिनिट होत नाही तर परत उघडते. विकम, म्हणजे डार्सीने आपल्यावर अन्याय केला असं सांगणारा तो गोडबोल्या लष्करी अधिकारी, त्याच्याबद्दलचा भाग वाक्यावाक्याला थांबून वाचते. नवीन काहीही घडत नाही, कोणी साक्ष द्यायला येत नाही, फक्त तिला आठवतं की विकमने पहिल्याच धड ओळखीत, एका अनोळखी मुलीला, आपली सगळी कर्मकहाणी सांगितली होती, आणि त्यात काही गैर आहे हे तिला तेव्हा वाटलंच नव्हतं. मी पण मागे जाऊन १६ वं प्रकरण पुन्हा वाचलं. सगळं तिथेच आहे हो! तो म्हणतो मी डार्सीला टाळणार नाही, टाळायचं असेल तर त्याने टाळावं, आणि दोन प्रकरणांनी बॉलला स्वतःच गायब. बाईने सगळं आपल्यासमोर मांडून ठेवलंय आणि आपण लिझीसारखेच हसऱ्या चेहऱ्याला भुललो. प्रेमकथेत नायिका एक पत्र दुसऱ्यांदा नीट वाचते आणि तिथून गोष्ट वळते, असं मी तरी दुसरीकडे वाचलेलं नाही. तिसऱ्या वेळी वाचताना मला माझा ग्रुपवरचा मेसेज आठवत होता, दुसरं काय.

पेम्बर्लीचं, म्हणजे डार्सीच्या इस्टेटीचं, लोक घर, तळं, बाग यासाठी कौतुक करतात. माझं लक्ष तिथे लिझीबरोबर फिरायला आलेल्या तिच्या मामांकडे जातं. ग्रेसचर्च स्ट्रीटला राहणारे, धंदा करणारे मामा, ज्यांच्यावरून डार्सीचा मित्र बिंगली, त्याच्या बहिणी नाकं मुरडत होत्या. घराची जुनी कारभारीण आधी सांगते की मालक चार वर्षांचे असल्यापासून ओळखते, कधी वाकडा शब्द नाही, लिझी त्याच्या चित्रासमोर थांबते, आणि मग तो स्वतःच एक दिवस आधी येऊन समोर उभा, दोघंही लाल. हे सगळं छानच. पण तो मामांना म्हणतो, जवळपास आहात तोवर हवे तेव्हा मासे पकडायला या, गळ-बिळ मी देतो. मला रडूच येतं इथे, कारण लिझीला काही म्हणत नाही तो, मामांना म्हणतो. ज्या माणसांवरून ती ३४ व्या प्रकरणात जखमी झाली होती त्यांनाच.

न आवडलेलं पण लिहिते, नाहीतर जाहिरात वाटेल. सुरुवातीला नावांचा गोंधळ होतो. मिस बेनेट म्हणजे फक्त थोरली जेन, बाकीच्या मिस एलिझाबेथ, मिस मेरी अशा, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन दिवस वाचले असते. सगळ्यात धाकटी बहीण लिडिया विकमबरोबर पळून जाते तिथून पुढे बराच वेळ सगळं पत्रांतून कळतं, डार्सी दिसतच नाही, आणि त्याने पैसे भरून लग्न लावलं हेही ५२ व्या प्रकरणात मामीच्या पत्रातून. मला अजूनही तो भाग ओढल्यासारखा वाटतो. दुसरी तक्रार, दुसऱ्या मागणीला लिझी नेमकं काय बोलली ते लेखिका सांगतच नाही, फार अस्खलित नाही पण लगेच होकार दिला एवढं सांगून पुढे जाते. पहिल्यांदा मला फसवल्यासारखं वाटलं होतं. आता वाटतं बरं केलं, पण पूर्ण पटलंय असं नाही.

आणि मिसेस बेनेट. सगळे तिला हसतात, मी पण हसायचे. आईला फोनवर गोष्ट सांगत होते तर ती म्हणाली, "पाच मुली, नवऱ्याने काही साठवलेलं नाही, घर परक्याला जाणार, मग ती बाई बडबडणार नाही तर काय करेल गं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हिशोब बघितला तर प्रत्येक मुलीच्या वाट्याला आईच्या पश्चात १,००० पौंड. नवरा पुस्तकं घेऊन खोलीत बसतो आणि विनोद करतो, आणि आपण त्याला हुशार म्हणतो.

सध्याची अवस्था: कव्हर ठीक, मागच्या पानावर तेलाचा डाग (पोळ्या), बाइंडिंग ३१ व्या प्रकरणापासून ३६ पर्यंत सुटलंय, तेवढी पानं रबरबँड लावून मध्ये खुपसली आहेत. बाइंडरकडे नेली तर तो म्हणाला नवीनच घ्या की, एवढ्या पैशात येईल. मी म्हटलं नाही, हीच शिवून द्या. शनिवारी मिळणार आहे.