ब्रुशोची पावडर घेताय? मग आधी कागदाचं बघा

पावडरच्या शाईने भेटकार्डं करायची असतील तर माझं मत सरळ आहे, रंगाच्या डब्या कमी घ्या आणि उरलेले पैसे कागदावर घाला. मी ब्रुशो वापरते, इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कलरक्राफ्ट कंपनीचे क्रिस्टल रंग. १५ ग्रॅमची डबी येते आणि ती लवकर संपतच नाही, कारण एका कार्डाला चिमूटभरसुद्धा लागत नाही. झाकण उघडायचं नाही, टाचणीने एक बारीक भोक पाडायचं आणि त्यातून रांगोळी सोडतो तशी हलक्या हाताने पावडर सोडायची, मग वरून पाण्याचा फवारा मारला की एकेक कण फुटतो आणि रंग धावायला लागतो. हे बघायला इतकं भारी वाटतं की मी अजूनही प्रत्येक वेळी थांबून बघत बसते.

खरी मजा मिश्र रंगांमध्ये आहे. त्या एका डबीत दोन-तीन वेगवेगळे डाय (पाण्यात विरघळणारे रंग) असतात, एखादा पाण्याबरोबर लांब जातो, एखादा जागीच कागदाला धरून बसतो, त्यामुळे हिरव्याच्या कडेला पिवळा दिसतो, करड्यातून अचानक निळसर काहीतरी बाहेर येतं. शाळेत टीपकागदावर स्केचपेनचा ठिपका काढून क्रोमॅटोग्राफी करायचो ना, तेच हे. पण हे सगळं घडायला रंगाला वेळ मिळायला हवा, आणि तो वेळ कागद देतो.

कागदाला कारखान्यात सायझिंग करतात, म्हणजे जिलेटिन किंवा स्टार्च वगैरे लावतात, त्यामुळे पाणी लगेच आत शोषलं न जाता थोडा वेळ वर राहतं. साध्या कार्डशीटवर हे जवळपास नसल्यासारखंच, कण पडला तिथेच ठिपका होऊन बसतो, पसरत नाही, आणि जास्त पाणी मारलं तर कागद वळतो आणि वरचा थर सुटायला लागतो. एका लोकल पॅडवर ३०० जीएसएम छापलं होतं, वॉटरकलरचं म्हणून विकलं होतं, आणि रंग पडल्या पडल्या मागच्या बाजूला उमटला (नाव नाही घेत). तेव्हा नुसता जीएसएम बघून घेऊ नका, जीएसएम म्हणजे फक्त एका चौरस मीटर कागदाचं वजन, ग्रॅममध्ये. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा, टिकला तर कागद चांगला, गडद डाग होऊन आत गेला तर सोडा.

माझा रोजचा कागद म्हणजे ३०० जीएसएमचा २५ टक्के कॉटन कोल्ड प्रेस. अंगावर बारीक खडबडीतपणा असतो, त्यात पावडर अडकते आणि छान दाणेदार टेक्श्चर येतं, आणि किंमतही कार्डासाठी झेपते. शंभर टक्के कॉटनवर रंग जास्त मऊ, एकमेकांत विरघळलेले येतात, पण घडी घालून पाकिटात जाणाऱ्या कार्डासाठी मी तो नाही वापरत, फ्रेम करायच्या चित्रासाठी ठेवते. हॉट प्रेस मात्र जरूर घेऊन बघा! गुळगुळीत असल्यामुळे कण फुटल्याच्या रेषा एकदम धारदार दिसतात, आकाशात शोभेची दारू उडाल्यासारख्या, दिवाळीच्या कार्डांना मी फक्त हाच वापरते, आणि वर अक्षरं लिहायलाही निब अडकत नाही.

आता हातकागद, कारण पुण्यात राहून त्याच्याबद्दल लिहिलं नाही असं कसं होईल. शिवाजीनगरला के. बी. जोशी पथावर हँडमेड पेपर इन्स्टिट्यूट आहे, १९४० पासूनची, सुती चिंध्यांपासून कागद करतात, एकदा गेलात की तासभर तरी बाहेर निघणार नाही. कसब्यातल्या कागदीपुऱ्याचं नाव तर कागद करणाऱ्यांवरूनच पडलंय. हातकागदाचं सायझिंग प्रत्येक प्रकारात वेगळं असतं, मऊ शोषणाऱ्या कागदावर ब्रुशो फुटत नाही, पसरट धूसर होतो, आणि मला ते फिक्या बॅकग्राउंडसाठी फार आवडतं. धारदार हवं असेल तर आपल्याकडचा जुना उपाय करा, तांदळाची पातळ खळ ब्रशने दोन्ही बाजूंनी लावायची, वाळू द्यायची, मग गुळगुळीत दगडाने घोटायचं. पोथ्यांचे कागद असेच खळ लावून घोटायचे. फरक लगेच दिसतो, एवढं काम एकदा तरी करून बघाच. हातकागदाच्या त्या फाटल्यासारख्या कडा कापू नका बरं का, कार्डाचं अर्धं सौंदर्य तिथेच आहे.

पावसाळ्यात थोडं जपावं लागतं. हवेतला ओलावा पावडर ओढून घेते आणि भोकाशी गोळा होतो, म्हणून डब्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून घट्ट डब्यात ठेवा. पंखा बंद करूनच पावडर सोडा आणि मास्क लावा, हे बारीक कण नाकात जायला नकोत, घरात लहान मूल असेल तर जास्तच. कार्ड सुकलं की उलटं करून टिचकी मारा, न विरघळलेले कण पडून जातील, नाहीतर ज्याला कार्ड मिळेल त्याची बोटं निळी होणार.

अजून एक, हा डाय आहे, त्यामुळे उन्हात फिका पडू शकतो. पाकिटात, अल्बममध्ये राहणाऱ्या कार्डाला काही अडचण नाही, पण खिडकीसमोर भिंतीवर लावायचं असेल तर पिगमेंटवाले (न विरघळणाऱ्या रंगकणांचे) वॉटरकलर घ्या. स्वस्तात हवं म्हणून खायच्या रंगाची पावडरही चालते, तोही डायच, फुटतोही छान, सरावाला आणि मुलांना उत्तम. रांगोळीचे रंग मात्र पाण्यात विरघळत नाहीत, त्यांची नुसती चिखलासारखी पूड कागदावर बसते.

पांढरी अक्षरं हवी असतील तर जेल पेन नंतर लावू नका, खालचा रंग वर येऊन पांढरं पांढरं राहत नाही. आधीच मेणबत्तीने किंवा पांढऱ्या क्रेयॉनने लिहून मग पावडर सोडा. सुरुवातीला पिवळा, एक निळा आणि एखादा मिश्र करडा किंवा जांभळा, एवढ्या तीन डब्या पुरेत, आणि कागद मात्र दोन-तीन प्रकारचे सुटे घ्या, पुण्यात अप्पा बळवंत चौकात विचारलं तर काही दुकानांत सुटी शीट मिळते.